अपलोड करण्याआधी

"ते वाक्य काढ," वैजूताई म्हणाल्या.

गाडी खंबाटकीचा घाट चढत होती. वैजूताई स्वतः चालवत होत्या. मी त्यांच्या शेजारी, मांडीवर लॅपटॉप, छातीवरून पट्टा आवळलेला, पायाशी त्यांची पर्स आणि डब्यांची पिशवी. पाय सरकवायलासुद्धा जागा नव्हती. मागच्या सीटवर इम्तियाज बागवान, कंपनीतला सगळ्यात जुना इंजिनियर, कानात काही न घालताही काही ऐकू येत नसल्यासारखा बाहेर बघत बसला होता.

"कुठलं वाक्य?" मी विचारलं. कुठलं ते मला ठाऊक होतं.

"लिंकचं. काल वाचलं मी."

माहितीपुस्तिकेतलं ते वाक्य असं होतं: 'अपलोड केलेली फाईल लिंक हाती असलेल्या कोणालाही उघडता येते आणि ती नंतर पुसता येत नाही.'

"ताई, ते खरं आहे पण."

"खरं आहे म्हणून सगळंच लिहायचं का? लिंकला कुलूप बसवायचं काम चालूच आहे. इम्तियाज, चालू आहे ना?"

"चालू आहे मॅडम," तो मागून म्हणाला. "पण अजून वेळ लागेल."

"लागू दे. तोवर कोण मुद्दाम लिंक शोधत बसणार आहे? हेमा, काढून टाक. सांगलीत पोचायच्या आत पुस्तिका तिथल्या संस्थेला पाठवायची आहे."

वैजूताई म्हणजे वैजयंती, माझी थोरली नणंद. कंपनी त्यांची. एजंट हा शब्द तेव्हा नवा नवा होता. विम्याचा नव्हे, कॉम्प्युटरमधला. आपण साध्या भाषेत काम सांगायचं आणि त्यानं ते आपणहून करायचं. पण त्याला हात नसतात, हत्यारं द्यावी लागतात. एक हत्यार मेल पाठवायचं, एक तारखा लावायचं. आमच्या कंपनीनं केलं होतं ते फाईल अपलोड करायचं. कागद उचलायचा, इंटरनेटवर चढवायचा आणि त्याची लिंक पाहिजे त्याला पाठवायची. या हत्याराची माहिती लिहिणं हे माझं काम. ती दोन ठिकाणी लिहावी लागे. एक पुस्तिका ग्राहकांसाठी, माणसांनी वाचायची. आणि एक टिपण खुद्द एजंटसाठी. हत्यार उचलण्याआधी प्रत्येक वेळी तो ते वाचायचा आणि त्यात लिहिलं असेल तसं वागायचा. निदान वागणं अपेक्षित असायचं.

लग्नाआधी मी पाण्याच्या पंपांची नि मिक्सरची माहितीपत्रकं लिहीत असे. झाकण बंद केल्याशिवाय बटण दाबू नये, ओल्या हातानं वायर धरू नये. चार्वीच्या जन्मानंतर ते सुटलं. मकरंद, माझा नवरा, व्यापारी जहाजावर. वर्षातले बरेच महिने समुद्रात. मी, चार्वी आणि सासूबाई वैजूताईंच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये राहायचो. त्यांनीच मला कंपनीत घेतलं. सकाळी त्यांच्याच गाडीतून जायचं, संध्याकाळी त्यांच्याच गाडीतून यायचं. ऑफिसात त्यांच्याशी वाद झाला तर रात्री त्याच भाजी वाढायला समोर. घरी काही बोलाचाली झाली तर दुसऱ्या दिवशी कामाची वाटणी त्यांच्या हातात. त्या वाईट वागत नसत. कोणाला सांगायला जावं असं त्यात काहीच नव्हतं, आणि तीच तर अडचण होती.

"काढलंस का?"

"कराडला थांबायचं का आपण जरा? मला बाथरूमला जायचं होतं."

"आत्ताच तर निघालोय. कराड यायला वेळ आहे. आधी ते काढ."

फोन वाजला. सासूबाईंचा. वैजूताईंनी तो गाडीच्या स्पीकरवर घेतला.

"वैजू, अगं ही चार्वी शाळेत जायचं नाही म्हणते. पोट दुखतंय म्हणे. हेमा कुठाय?"

"शेजारीच आहे. पोट-बिट काही नाही, आई, नाटकं आहेत. पाठवून दे."

"आई, ताप आहे का बघता?" मी म्हणाले. "हात लावून बघा ना."

"कामात आहे ती आत्ता," वैजूताई त्याच वेळी म्हणाल्या. "तू पाठव शाळेत. दुपारी बोलते." त्यांनी फोन बंद केला. माझं वाक्य पलीकडे पोचलं की नाही, मला कळलं नाही.

मी पुस्तिकेचं पान उघडलं. ते वाक्य निवडलं. निळ्या पट्ट्यात ते थोडा वेळ तसंच राहिलं. मग मी ते पुसलं आणि पुस्तिका सांगलीला पाठवली.

"काढलं," मी म्हणाले.

"शहाणी माझी."

घाट संपून गाडी उताराला लागली. मी लॅपटॉप मिटला नाही. दुसरं पान उघडलं, एजंटचं. वैजूताई ते कधी वाचत नसत. 'यंत्रासाठी लिहिलेलं मी काय वाचू,' असं म्हणायच्या. त्या पानाच्या शेवटी मी दोन ओळी लिहिल्या. लिहिताना शब्द तीनदा चुकले. मग जतन केलं.

कोणी काही बदललं की इम्तियाजच्या फोनवर तसा निरोप जायचा. मागे त्याचा फोन किणकिणला. मी वरच्या आरशात पाहिलं. तो वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं मान वर केली आणि आरशात आमची नजरानजर झाली.

"काय रे, कोणाचं?" वैजूताईंनी विचारलं.

"घरचं मॅडम. कराडहून. येताना उतरणार का विचारतायत."

तो खोटं बोलला होता. माझ्यासाठी बोलला, की नुसता कटकट नको म्हणून, हे मला तेव्हा उमगलं नाही. पण त्यानं त्या ओळी मागे घेतल्या असत्या तर मला कळलं असतं. त्यानं घेतल्या नाहीत.

कराडला आम्ही थांबलोच नाही. उशीर होतोय म्हणाल्या.

सांगलीतली ती संस्था घर सोडून आलेल्या बायकांना राहायला जागा देते. जागा वेगळीच, आम्ही गेलो ते नुसतं कार्यालय. बँकेच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लोखंडी जाळी, जाळीला आतून कडी. आम्ही आत गेल्यावर ती पुन्हा लावली गेली. संस्थेच्या प्रमुख दमयंती गायधनी, साठीच्या, ठेंगण्या, केस आखूड कापलेले. नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता म्हणाल्या, "बसा की. पुस्तिका वाचली मी तुमची. चांगली लिहिलीय. कोणी लिहिली?"

"ही," वैजूताईंनी माझ्याकडे हात केला. "माझी भावजय. घरचीच आहे, त्यामुळे काळजी नाही."

दमयंतीबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मान हलवली.

त्यांची गरज साधी होती. एखादी बाई आली की तिचे कागद जमवायचे. अर्ज, पोलिसातल्या तक्रारीची प्रत, दवाखान्याची चिठ्ठी. ते वकिलाकडे, कोर्टाकडे पाठवायचे. माणसं कमी, कागद फार. आमचा एजंट ते सगळं करणार होता.

वैजूताईंनी लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडायला लावला. "नमुन्याची फाईल घेऊन दाखवतो," त्या म्हणाल्या. "काल्पनिक नाव, काल्पनिक पत्ता."

"काल्पनिक कशाला?" दमयंतीबाई म्हणाल्या. "काल्पनिकावर सगळ्यांचंच चालतं. परवाच एकजण आलीय, तिचे कागद वकिलांकडे जायचेच आहेत. तेच पाठवून दाखवा."

त्यांनी खणातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. इम्तियाजनं तो उचलला नाही. वैजूताईंनी उचलला आणि त्याच्या हातात दिला.

त्या दोन ओळी मी लिहिल्या होत्या खऱ्या, पण एजंट त्या पाळेल याची खात्री कुठे होती? आमच्या चाचण्यांत तो शेवटच्या ओळी कधी पाळायचा, कधी घाईघाईत सोडून द्यायचा. त्यानं सोडून दिल्या तर त्या बाईचा सध्याचा पत्ता उघड्या लिंकवर जाणार होता. ती लिंक वकिलाकडे, वकिलाकडून कारकुनाकडे, तिथून आणखी कोणाकडे. आणि पुसता येणार नव्हती. मी उठून पेन ड्राइव्ह काढून घ्यावा असं मला वाटलं. तरी मी खुर्चीतून हलले नाही. माझ्या आणि दाराच्या मध्ये वैजूताईंची खुर्ची होती, एवढंच मला आठवतं.

वैजूताईंनी टाईप केलं: 'या बाईंचे सगळे कागद अपलोड करून वकिलांना लिंक पाठव.'

पडद्यावर गोल फिरत राहिलं. सांगलीच्या त्या खोलीत नेट रडतखडत चालत होतं. वैजूताई हसून म्हणाल्या, "जरा वेळ घेतोय, पण काम चोख करतो."

मग पडद्यावर अक्षरं उमटली.

'या कागदांमध्ये एका व्यक्तीचं नाव आणि राहण्याचा पत्ता आहे. मी ते अपलोड केले, तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्या कोणालाही ते उघडता येतील आणि नंतर मला ते पुसता येणार नाहीत. ज्यांचे हे कागद आहेत त्यांना हे सांगितलं आहे का? त्यांचा होकार असल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.'

"कोणालाही म्हणजे?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"काहीतरी गडबड आहे," वैजूताई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण मानेपर्यंत लाली चढलेली मला दिसली. "बग आहे हा. असं विचारायचं नाहीये त्यानं. इम्तियाज, काय बदललंस तू?"

इम्तियाज पडद्याकडे बघत राहिला. "बघतो मॅडम."

"बघतो काय? हत्यार तुझं आहे. ग्राहकासमोर न तपासलेलं आणतोस तू? पुण्याला गेल्यावर बोलू आपण, पण हे मी चालवून घेणार नाही."

तो मान खाली घालून बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित मला सोपं गेलं असतं. मला तेव्हा दिसलं की यंत्राकडून वदवून घेतलं म्हणून माझी सुटका होणार नव्हती. माझ्याऐवजी कोणीतरी तिथे अडकणारच होतं.

"बग नाहीये तो," मी म्हणाले.

वैजूताई वळल्या.

"मी लिहिलंय तसं. सकाळी, घाटात. इम्तियाजनं काही केलेलं नाही." दमयंतीबाईंकडे वळून मी पुढे बोलले, "आणि ते खरं आहे. लिंकला कुलूप नाही अजून. पुस्तिकेत ते वाक्य होतं, मी काढलं."

"हेमा, तू बाहेर जाऊन बस," वैजूताई म्हणाल्या.

"थांबा," दमयंतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला, एक एक अक्षर शोधत 'नाही' एवढंच लिहिलं आणि बटण दाबलं.

'ठीक आहे. कागद अपलोड केलेले नाहीत,' एजंटनं उत्तर दिलं.

दमयंतीबाई खुर्चीत मागे टेकल्या. "या पोरीचा नवरा तिला शोधत दोनदा खाली येऊन गेलाय," त्या म्हणाल्या. "बँकेच्या रांगेत उभा राहतो नि वर बघतो. वैजयंतीबाई, तुमचं यंत्र काही वाईट नाही. कुलूप बसवून आणा, मग बोलू. आज नको."

वैजूताईंनी लॅपटॉप मिटला. वायर गुंडाळताना ती दोनदा त्यांच्या हातून सुटली. मला वाटलं होतं की ते पाहून मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

मी बाथरूम कुठे आहे ते विचारलं. दमयंतीबाई स्वतः दाखवायला आल्या. मी बाहेर आले तेव्हा त्या बोळात, टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

"त्यांच्याच घरी राहता?"

"हो."

"नवरा?"

"जहाजावर असतो. चांगला आहे. सगळे चांगले आहेत तसे. तुमच्याकडे येतात तसं काही नाही माझं."

"मी कुठं म्हटलं तसं आहे म्हणून?" त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "आमच्याकडे बाई आली की पहिल्यांदा एकच विचारतो आम्ही. काय झालं ते नाही विचारत, ते नंतर. तुम्हाला काय पाहिजे, एवढं विचारतो. निम्म्या जणींना उत्तरच येत नाही. कोणी विचारलेलं नसतं ना कधी." मग अगदी सहज, चहा घेणार का विचारावं तसं त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय पाहिजे?"

मी हात पुसत राहिले. हात कधीच कोरडे झाले होते.

परतीच्या वाटेवर इम्तियाज कराडला उतरला. उतरताना माझ्या बाजूच्या काचेशी वाकून फक्त "येतो, हेमांगी मॅडम," म्हणाला. एरवी तो वैजूताईंचाच निरोप घ्यायचा. मग गाडीत आम्ही दोघीच उरलो. साताऱ्यापर्यंत वैजूताईंनी तोंडातून शब्द काढला नाही. रेडिओ नाही, फोन नाही. सगळ्या काचा बंद. सासूबाईंचा फोन आला तो त्यांनी उचललाच नाही. पडद्यावर नाव लुकलुकून विझलं. मला चार्वीचं विचारायचं होतं. माझा फोन माझ्याच हातात होता, तरी तो लावायची हिंमत मला साताऱ्याच्या पुढे आली.

"ताप नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी होता थोडा. नाही पाठवलं मी शाळेत. तू हात लावून बघा म्हणालीस ना." मग आवाज खाली आणून, "वैजू चिडलीय का गं?"

"नाही, आई. येतोच आम्ही."

मी फोन ठेवल्यावर वैजूताई बोलल्या. "हे काम हातचं गेलं तर कंपनी राहील की नाही, मला माहीत नाही. ज्यांनी पैसे घातलेत त्यांना मी शब्द देऊन बसलेय. गेले कित्येक दिवस झोप नाहीये मला. आईला माहीत नाही, मकरंदला माहीत नाही."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर ते वाक्य मुकाट्यानं काढलं असतंस?"

मी विचार केला. "काढलं नसतं. पण तुम्हाला तोंडावर नाही म्हणाले असते. असं चोरून लिहिलं नसतं."

त्यांनी मान हलवली, पटलं म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. समोर बोगद्याचं तोंड दिसायला लागलं होतं. गाडी आत शिरली आणि दोन्ही बाजूंनी भिंती अंगावर आल्यासारख्या झाल्या. एरवी मला तिथे गुदमरायचं. त्या दिवशी बोलायला तीच जागा सोयीची वाटली, कारण आत एकमेकींचे चेहरे नीट दिसत नव्हते.

"ताई, मला वेगळं राहायचंय," मी म्हणाले. "मी आणि चार्वी. जवळच कुठेतरी. आणि नोकरी दुसरीकडे बघायचीय."

"आजच्या रागानं?"

"रागानं नाही. आज कोणीतरी विचारलं, तेव्हा कळलं की हे आहे."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. बोगदा संपल्यावरसुद्धा नाही. पुढच्या टोलनाक्याशी थांबल्यावर त्यांनी माझ्या बाजूची काच खाली केली. "उकडतंय तुला," एवढंच म्हणाल्या.

सगळं लगेच काही झालं नाही. मकरंदशी फोनवर कितीतरी वेळा बोलावं लागलं. शेवटी एकदा तो म्हणाला, "तुला हवं तर घे बघून." सासूबाई काही आठवडे माझ्याशी फक्त चार्वीमार्फत बोलल्या. कंपनी तगली. कुलूप बसायला वेळ लागला, पण बसलं, आणि मग दमयंतीबाईंनी काम दिलं. मी सोडेपर्यंत वैजूताईंनी एजंटच्या पानावरच्या त्या दोन ओळींना हात लावला नव्हता. इम्तियाज सांगतो, पुढेही लावला नाही.

पाषाणला मला दोन खोल्या मिळाल्या. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सामान लावून झालं त्या आठवड्यात एका दुपारी दारावर थाप पडली. दार उघडलं तर वैजूताई उभ्या. धापा टाकत होत्या. चार्वीची छोटी सायकल त्यांनी एकटीनं जिने चढवून आणली होती. खांद्यावरचा पदर सुटला होता, हाताला साखळीचं काळं वंगण लागलं होतं. माझ्या मागून चार्वी धावत आली आणि सायकल ओढत आत घेऊन गेली.

वैजूताई उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. काळे झालेले हात पुढे धरून त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं.

'या' म्हणायला मला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ त्या उभ्या राहिल्या.